अंगठ्याची पट्टी

माझी मावशी अवकाशयानाच्या पॅराशूटची घडी घालायची. एकोणीस वर्षं तिने हेच काम केलं. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, दोऱ्यांचा गुंता काढायचा, घडीवर घडी बसवायची आणि प्रत्येक टप्प्याला फोटो. फोटो काढायचे माझे बाबा, त्याच कारखान्यातले फोटोग्राफर. "भाऊजी, माझी नखं तेवढी टाळा हं," असं म्हणून ती त्यांना हसवायची.

एकोणिसाव्या वर्षी एक यान परत येताना पॅराशूट उघडलं नाही. आतले दोघेही गेले.

मग चौकशीचा अहवाल आला. घडी चुकली, दोरी कापडाखाली अडकली, असा निष्कर्ष आणि पुराव्याला पानभर फोटो. मावशीने आमच्या जेवणाच्या टेबलावर ते पान उघडलं आणि माझ्याकडून भिंग मागून घेतलं.

"ही अंगठ्याची पट्टी बघ," ती मला म्हणाली. "नव्या बायकांना शिकवताना अंगठा कापला होता माझा. दोरी अशी अडकते, हे दाखवायला मी मुद्दाम चुकीची घडी घातली होती. खरी घडी त्यानंतर दोन महिन्यांनी." मग ती बाबांकडे वळली. "हा फोटो कसा आला इथे, भाऊजी?"

"साहेबांनी दोरी अडकलेला फोटो मागितला. माझ्याकडे तेवढा एकच होता."

"आणि खालची तारीख?"

"ती त्यांनी घातली."

"तुम्ही वाचलीत ना पण?"

मावशीने आईकडे पाहिलं. "ताई, तुलाही माहीत होतं?"

"त्यांची नोकरी गेली असती गं," आई ओट्याकडे तोंड करून म्हणाली.

मावशी उठली ती परत आमच्या घरी आली नाही.

अंगठ्याला टाके घातल्याची दवाखान्यातली नोंद घेऊन ती समितीपुढे गेली. खऱ्या दिवसाचे फोटो सापडत नाहीत, असं बाबांनी लिहून दिलं. सात महिन्यांनी अहवालात एक चिठ्ठी चिकटवली गेली: फोटोची तारीख चुकीची आहे. निष्कर्ष तसाच राहिला. मावशीने राजीनामा दिला आणि तंबू शिवायच्या दुकानात लागली.

गेल्या वर्षी बाबांचं कपाट आवरताना मला एक पाकीट मिळालं. खऱ्या दिवसाचे चोवीसच्या चोवीस फोटो. मी तडक मावशीकडे गेले. तिने एकेक फोटो उजेडात धरून पाहिला. दोऱ्या सगळ्या मोकळ्या होत्या.

"फाडून टाकले असते तर समजले असते, घाबरले बिचारे," ती म्हणाली. "जपून ठेवलेत गं!" आणि मग रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ते फोटो समितीच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. अजून उत्तर नाही. बाबांना मी सगळं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.