मांजर फुकट सोडलं तो दिवस

ऑफिसात तिला सगळे नकाशाताई म्हणत. गेम बनवण्याच्या धंद्यात यायच्या आधी तिने बारा वर्षं घरांचे नकाशे काढले होते, आणि ती सवय घेऊनच ती इकडे आली. तिच्या गेममध्ये एक मांजर घरात अडकलेलं असे. खोल्या फिरवायच्या, दाराला दार जुळवायचं आणि मांजराला बाहेर काढायचं. अशी साठ घरं तिने रचली होती. प्रत्येक घर आधी कागदावर, पेन्सिलीने.

गेम विकत घ्यावा लागे. ज्यांनी घेतला त्यांनी डोक्यावर घेतला, पण घेतला मूठभरांनीच. शेवटी कंपनीच्या मालकीणबाईंनी ऑफिसातल्या सहाही जणांना बोलावलं. "आपण गेम फुकट करतोय," त्या म्हणाल्या.

फुकटच्या गेमबद्दल नकाशाताईचं मत पक्कं होतं. आधी माणसाला गोडीत घ्यायचं, मग मुद्दाम अडवायचं आणि सुटकेसाठी खिशात हात घालायला लावायचा. ह्याला ती गेम म्हणायलाच तयार नव्हती.

त्यातच बाईंनी एका मोठ्या कंपनीतून नवा माणूस आणला. फुकटच्या गेममध्ये काय आणि केव्हा विकायचं, हे ठरवणं त्याचं काम. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'दुकानदार' पडलं. त्यानेही ते हसत लावून घेतलं.

"एकतिसाव्या घरातलं एक दार कमी करा," तो म्हणाला. "लोक हरतील. पाचदा हरले की अर्धा तास थांबायचं, नाहीतर पैसे भरून पुढे जायचं."

"ते घर आहे तसंच अवघड आहे, पण डोकं चालवलं की सुटतं. दार काढलं तर पैशांशिवाय सुटणारच नाही. असली घरं मी काढत नाही."

दुकानदार चिडला नाही. "ठीक आहे. पण ताई, माझ्या आईकडे ऑनलाइन पैसे भरायला कार्डच नाही. तुमचा गेम विकत होता तोवर तिला तो दिसलासुद्धा नसता. फुकट देण्यात काही वाईट नाही. आपण विकतो काय, ते बघायचं."

नकाशाताईने एकतिसाव्या घराचा कागद पुन्हा समोर ओढला.

दोन आठवडे दोघांचं रोज वाजलं. शेवटी ठरलं असं की, साठही घरं फुकट, थांबवणं कुठेही नाही. विकायचे ते मांजराचे कोट, घरातले गालिचे आणि पुढे नवी घरं. बदल्यात पहिली तीन घरं सोपी करावीत, असा दुकानदाराचा हट्ट होता. ताई ऐकेना, तेव्हा त्याने खालच्या वॉचमनकाकांच्या हातात फोन दिला. काका दुसऱ्याच घरात अडकले. खोली दोन बोटांनी फिरते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ताईने गपचूप पेन्सिल उचलली आणि तिन्ही घरं नव्याने काढली.

फुकटचा गेम लोकांसाठी खुला झाला तो सकाळी दहा वाजता. खेळणाऱ्यांचा आकडा भिंतीवरच्या पडद्यावर सरकू लागला. दुपारपर्यंत तो आधीच्या तीन वर्षांतल्या एकूण गिऱ्हाइकांना मागे टाकून गेला. कुणी जागेवर बसेना. ताईला तिच्या वहिनीचा फोन आला, "अगं, तुझं मांजर आमच्या अख्ख्या बँकेत फिरतंय. मॅनेजरसाहेब सतराव्या घरात आहेत."

तीनच्या सुमाराला गाडी अडली. सगळी गर्दी एकतिसाव्या घरात तुंबली. दुकानदाराने पडद्याकडे बोट दाखवलं. "अजून वेळ गेली नाही. 'पैसे भरा, पुढे जा' असं एक बटण पुरेल."

मालकीणबाईंनी ताईकडे पाहिलं. "पाच वाजेपर्यंत थांबा," ती म्हणाली.

साडेचारला कुणा अनोळखी बाईने त्या घराचा हाताने काढलेला नकाशा इंटरनेटवर टाकला. खाली एवढंच लिहिलं होतं: "आधी स्वयंपाकघर फिरवा, पुढचं तुम्हीच शोधा." लोकांनी तो नकाशा एकमेकांना पाठवला. बघता बघता कोंडी फुटली. बत्तिसावं, तेहतिसावं, आकडे धावू लागले. ताई खुर्चीवरून उठली ती परत बसलीच नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून टेबलावर थाप पडली. दुकानदार! दुपारपासून तो टेबलाखाली फोन धरून तेच घर सोडवत होता.

"सुटलं," तो म्हणाला, आणि सगळ्यांना फोन दाखवत फिरला. "बटण असतं तर मी दाबलं असतं. मग ही मजा गेली असती."

मोठ्या कंपन्यांपुढे गेमची कमाई काहीच नव्हती. पण मांजराचे लाल कोट भराभर खपले, वर्षभराच्या पगारांची चिंता मिटली आणि बाईंनी आणखी चाळीस घरं मागितली. बाकीच्या फुकटच्या गेमबद्दल नकाशाताई आजही तेच बोलते. आपल्या गेमबद्दल मात्र विचारलं, तर आधी किती लोकांनी खेळला ते सांगते.

चाळीस घरांचं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली आणि मोठा कागद पसरून बसली. दुकानदार खुर्ची ओढत शेजारी आला.

"यावेळी दोन मजली करू या," ती म्हणाली.

"जिना कुठे घेताय?" त्याने विचारलं आणि कागदावर वाकला.