स्वस्तातली दुर्बीण

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली म्हणून रायफल क्लबातल्या लोकांनी त्यांना टिकटिककाका म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी हे नाव पाडलं ते बहुतेक आता क्लबात येत नाहीत. काही गेले, काहींचे गुडघे गेले. नाव तेवढं राहिलं. घरी काकांना कुठल्याच नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं, कारण घरी कोणीच नव्हतं. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि मुलगा लांबच्या देशात, रविवारी दहा मिनिटं फोनवर भेटणारा.

त्यामुळे शनिवारची दुपार हीच काकांची आठवड्याची कमाई. तीन ते पाच, सहा नंबरची लेन, पन्नास मीटरवर कागदाचा काळा गोल, आणि त्यांची जुनी पॉइंट टू टू रायफल. फार गरीब स्वभावाची रायफल. आवाज टाळी वाजवल्याएवढा, खांद्याला धक्का नावापुरता.

लेनच्या मागे एक लाकडी स्टूल होतं. तिथे बायको बसायची. तिने आयुष्यात एकही गोळी झाडली नाही, पण क्लबाच्या स्टँडवरच्या दुर्बिणीतून ती कागद बघायची आणि गोळी कुठे लागली ते सांगायची. नेमबाज लोक ही जागा घड्याळाच्या आकड्यांवर सांगतात. वर लागली तर बारा, उजवीकडे लागली तर तीन. पण ही पडली घड्याळजीची बायको. ती ‘पावणेपाच’ म्हणायची, ‘सव्वादोनच्या जरा अलीकडे’ म्हणायची, आणि शेजारच्या लेनवाल्यांना हसू आवरायचं नाही. हल्ली दर गोळीनंतर काका स्वतःच उठत, स्टँडपाशी जात, बघत आणि परत येऊन बसत. या उठबशीत नेम कसला टिकतो?

त्यात डोळ्यांनी दगा दिला. रायफलच्या नळीच्या टोकाला नेम धरायची जी बारीक खूण असते तिला माशी म्हणतात. यंदा ती माशी काकांना दिसेनाशीच झाली. वार्षिक चाचणीत शंभरात सत्तर गुण लागतात, काकांना बावन्न पडले. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता, पण नियम सांगताना तो टेबलाकडे बघून बोलला.

“काका, नियम कमिटीचा आहे, माझा नाही. लेनसाठी बाहेर पंचवीस जण ताटकळलेत. महिनाअखेरीस एक संधी आहे. साठीच्या पुढच्यांना रायफलवर दुर्बीण बसवायची परवानगी आहे, बसवून घ्या.”

“आणि तरी नाही जमलं तर?”

“तर पाहुणे म्हणून या की. मागे बसा, चहा घ्या, गप्पा मारा.”

लेन गेली की शनिवार गेला, आणि शनिवार गेला की उरलेल्या सहा दिवसांचं करायचं काय, हे काकांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

दुर्बिणींच्या दुकानात एक चष्मेवाली बाई बसत असे. स्पष्ट बोलणारी, पण मनाने मोकळी.

“कितीपर्यंत दाखवू काका?”

“अंथरूण लहान आहे,” काका म्हणाले, “पाय दुमडूनच झोपायचंय.”

तिने काउंटरवरच्या छोट्या शिकंज्यात एकेक दुर्बीण बसवून दाखवली. काकांचा जीव अडकला तो चोवीसपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत. किंमतही खाली आणलेली होती. जन्मभर बारीक चक्रं मोठी करून बघितलेला माणूस, त्याला आणखी काय हवं!

“ही नको,” बाई म्हणाली. “ही लांबच्या माऱ्याची. हिच्यातली नेम धरायची फुली शंभर मीटरला जुळवलेली असते. तुमच्या पन्नासला डोळा जरा इकडचा तिकडे झाला की फुलीही सरकणार. आणि चोवीसपट म्हणजे छातीचे ठोकेसुद्धा कागदावर दिसतील.”

“बरंच आहे. चालू आहेत एवढं तरी कळेल.”

ती हसली आणि तिने एक आखूड, काळी, अगदी साधी दुर्बीण पुढे ठेवली. “ही घ्या. चारपट. छोट्या रायफलसाठीच केलेली, पन्नासला जुळवलेली. दिसायला गरीब आहे, पण लबाडी करत नाही. पलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचा बघू.”

काकांनी वाकून पाटी वाचली, पाटीखालचा फोन नंबरही वाचला. किंमत ऐकून त्यांना हायसं वाटलं.

शनिवारी दुर्बीण रायफलवर चढली आणि सगळं मुसळ केरात गेलं. आत बघावं तर काळोख. एका बाजूने काळी सावली यायची, मान हलवली की ती दुसऱ्या बाजूने यायची, आणि मधे कुठेतरी वाटाण्याएवढा उजेड. अठ्ठेचाळीस गुण. सोमवारी काका दुकानात हजर. “आत ढग आलेत,” ते म्हणाले. बाईने बघितलं, तिला ढग काही दिसले नाहीत, तरी तिने वाद न घालता दुसरी नवी दिली. पुढच्या शनिवारी तेच ढग. पन्नास गुण.

“काका, नाचता येईना...” सेक्रेटरी बोलून गेला, आणि पुढचं त्याने गिळलं. म्हण पुरी केली असती तर काकांना इतकं लागलं नसतं.

चाचणीला पाच दिवस उरले तेव्हा काका तिसऱ्यांदा दुकानात गेले, ते भांडायच्याच तयारीने. “हे बघा, मी हजारो घड्याळं उघडलीत. काच कशाशी खातात ते मला शिकवू नका.”

बाईने शांतपणे तीच दुर्बीण शिकंज्यात लावली. “वाचा.”

काका वाकले. पाटी स्वच्छ. फोन नंबर स्वच्छ. आणखी नीट बघावं म्हणून ते पुढे सरायला गेले आणि काउंटरची कड पोटात रुतली. पुढे जाताच येईना. काका तसेच वाकलेले राहिले. त्यांच्या डोळ्यात आणि काचेत बरोबर चार बोटांचं अंतर होतं, आणि ते अंतर त्यांनी ठेवलेलं नव्हतं, काउंटरने ठेवलं होतं.

घड्याळजीचं भिंग डोळ्याला चिकटवायचं असतं, दुर्बीण डोळ्यापासून लांब ठेवायची असते. बारीक काही बघायचं म्हटलं की काकांची मान आपसूक पुढे जात होती, चाळीस वर्षांची सवय ती. मोठी रायफल असती तर पहिल्याच गोळीला दुर्बीण मागे येऊन भुवई फुटली असती आणि अक्कल आली असती. ही गरीब स्वभावाची, ही काहीच बोलली नाही.

आणि मग त्यांना आपली कॉलर आठवली. दर शनिवारी, तीस वर्षं, मागून कोणीतरी ती ओढत असे. “अहो, मागे या. घड्याळ नाही ते.” काका वैतागायचे. चारचौघांत नवऱ्याची कॉलर ओढायची ही काय खोड, असं त्यांना वाटायचं. एकदा तर ते तिच्यावर सगळ्यांदेखत खेकसलेही होते, आणि ती पुढचा तासभर नुसती ‘तीन’, ‘नऊ’, ‘सहा’ असं कोरडं सांगत राहिली होती. माणसाला स्वतःची मान दिसत नाही, हे आज काउंटरला पोट टेकून उभं राहिल्यावर कळावं, याचं काकांना फार वाईट वाटलं.

“काय झालं काका?” बाईने विचारलं.

“काही नाही. दुर्बीण चांगली आहे.”

“मग अडतंय कुठे?”

“मागे कोणी नाही,” काका म्हणाले.

तिला काही कळलं नाही. तिने काच पुसायचं एक मऊ फडकं त्यांच्या हातात दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन काकांनी कपाट उघडलं. बायकोच्या साड्या तिच्या बहिणीने केव्हाच वाटून टाकल्या होत्या, पण निळा स्वेटर काकांनी दिला नव्हता. क्लबात गार वारा सुटायचा म्हणून ती तो घालून बसायची. पाच मोठी लाकडी बटणं. काकांनी घड्याळाच्या बारीक कात्रीने सगळ्यात वरचं बटण कापलं आणि धागा उसवू नये म्हणून मागे गाठ मारली.

शुक्रवारी क्लब रिकामा असताना त्यांनी रायफल टेबलावर घेतली. मान हळूहळू मागे नेली, काळी सावली सरून गोल पुरता उजळला तिथे थांबले, आणि गालाचं हाड टेकलं त्या जागी रायफलच्या लाकडी दस्त्यावर पेन्सिलने खूण केली. खुणेवर बटण चिकटवलं. मग सुकेपर्यंत स्टूलवर बसून राहिले.

शनिवारी दहा गोळ्या. दर वेळी मान पुढे निघायची, गालाला बटण लागायचं, आणि काका थांबायचे. दुर्बिणीत गोल स्वच्छ होता, आणि उठून स्टँडपाशी जायची गरजच नव्हती. पहिल्या गोळीचं भोक बसल्या जागी दिसलं. “पावणेपाच,” काका पुटपुटले. ऐकायला कोणी नव्हतं. त्यांनी दुर्बिणीची नेम सरकवायची चकती दोन घरं फिरवली आणि पुढची गोळी भरली.

चौऱ्याहत्तर गुण. सेक्रेटरीने कागद दोनदा तपासला, सही केली, आणि हात मिळवता मिळवता त्याची नजर दस्त्यावर गेली.

“हे काय, बटण?” त्याने बोटाने चाचपून बघितलं. “नियमात काही आडवं येत नाही म्हणा. पण काका, असं नुसतं चिकटवलेलं टिकत नाही. निघून येईल हे.”

“येऊ दे,” काका म्हणाले. “अजून चार आहेत.”