स्वस्तातला समुद्र

फिरायला कुठं जायचं हे तीन-चार घरांनी मिळून ठरवायला घेतलं, की प्रवास होवो न होवो, किस्से हमखास जमतात. त्यातून ते काशीत बसून ठरवायचं असेल तर विचारूच नका. सगळी दुनिया इथं येते आणि आम्ही इथून बाहेर जायचं म्हणतो, म्हणजे सुरुवातच उलटी. आम्हा दुर्गाघाटाच्या मंडळींकडे असे इतके किस्से साठलेत, की सांगायला बसलं की चहा दोनदा गरम करावा लागतो.

एक्याण्णव सालची गोष्ट. महागाईनं सगळ्यांची कंबर मोडलेली. पण नाताळच्या सुट्टीत लांब जायचं, खूप लांब, आणि स्वस्तात, असं बँकेतल्या प्रभाकरच्या डोक्यात बसलं. बैठक दर रविवारी आमच्या घरी. प्रभाकर, यात्रेकरूंची पूजा सांगणारे दत्तूगुरुजी, रेल्वेतले आमचे हे, आणि मी. मी शाळेत शिकवते, म्हणजे चहाही मीच करायचा आणि भांडणंही मीच सोडवायची.

आणि दाराशी मटार सोलत बसलेल्या कमळामावशी. माझ्या सासूबाईंच्या बहीण, आमच्याच घरी राहणाऱ्या. कोकणातल्या, समुद्राकाठच्या. परकर-पोलक्यात लग्न होऊन काशीत आल्या. त्यांच्या यजमानांनी क्षेत्रसंन्यास घेतला, तेव्हा मावशींनीही घेतला. म्हणजे मरण काशीतच यावं म्हणून काशीची हद्द कधी ओलांडायची नाही. वरुणेच्या पुलापलीकडे त्या भाजी आणायलासुद्धा जात नसत.

तरी कुठल्याही गावाचं नाव निघालं की त्या एकच विचारायच्या, "तिथं समुद्र आहे का रे?"

"आहे, मावशी. पण तुम्ही कुठं येणार आहात?" प्रभाकर म्हणायचा.

"मी नाही रे येत. पण मरायच्या आधी एकदा पायाला खारं पाणी लागावं, एवढं वाटतं बघ."

असं म्हणून त्या पुन्हा मटार सोलायला लागत. मला फार वाईट वाटायचं, आणि थोडा रागही यायचा. हे कसलं व्रत, जे माणसाला माहेरचा समुद्र बघू देत नाही?

*

प्रभाकरची पहिली उडी थेट सिंगापूरला. "वहिनी, पासपोर्टचे फोटो काढून ठेवायला काय जातं?" आणि त्यानंच सगळ्यात स्वस्त फोटोवाला शोधून काढला, मणिकर्णिकेच्या गल्लीत. दुकानाला खिडकी नाही, पंखा बंद, एक दिवा. हौस म्हणून मावशीही आल्या.

फोटोवाला वस्ताद होता. पण वागणं विचित्र. काही न बोलता हनुवटी धरून मान सरळ करायचा, केस मागं सारायचा, आणि आमच्या ह्यांच्या पापण्या तर त्यानं दोन बोटांनी हलकेच खाली ओढल्या.

"अरे भैया, आँख खुली चाहिए," मी म्हटलं.

तो ओशाळला. "माफ कीजिए, बहनजी, आदत है. हमारे यहाँ तो कोई साँस भी नहीं लेता."

घाटावर आणलेल्या माणसांचे फोटो काढायचा तो. परगावच्या नातेवाइकांना शेवटचं दर्शन व्हावं म्हणून.

फोटो आले. आम्ही चौघं अगदी शांत, म्हणजे नको तितके शांत. आमच्या ह्यांना तर नुसता हार घालायचा बाकी होता. एकट्या मावशी जिवंत दिसत होत्या. हसऱ्या, डोळे बारीक केलेले, आणि डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं उडालेला. त्या बंद दुकानात वारा कुठून आला ते फोटोवाल्यालाही सांगता येईना. तो फोटो त्यानं फुकट देऊन टाकला, घाईघाईनं.

पुढं रुपया असा घसरला की सिंगापूरचं नाव काढायची सोय उरली नाही.

*

मग अंदमान. कलकत्त्याहून बोटीनं, खालच्या वर्गात, स्वस्त. संकठा घाटाजवळ एक म्हातारे गृहस्थ खोली घेऊन काशीवासाला राहिले होते. जन्मभर बोटीवर नोकरी केलेले. त्यांना विचारायला प्रभाकर आणि मी गेलो.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. कुठं झोपायचं, पोटात ढवळलं तर काय चघळायचं. निघताना म्हणाले, "फक्त मागच्या कठड्याशी एकटं उभं राहू नका. पाण्यातून हाक येते."

"कुणाची?" प्रभाकरनं हसत विचारलं.

"कुणाची ते कधी कळलं नाही. पण आई ज्या नावानं बोलवायची, त्या नावानं येते."

आम्ही जिना उतरायला लागलो. शेवटच्या पायरीवर होतो, तेवढ्यात वरून स्पष्ट हाक आली, "चिंगे!"

मला त्या नावानं फक्त माझी आई हाक मारायची. ती जाऊन खूप वर्षं झाली. ते नाव आमच्या ह्यांनासुद्धा ठाऊक नाही. तीन हाका आल्याशिवाय ओ देऊ नये, हे लहानपणी शिकलेलं तेवढं कामी आलं. मी वळले नाही. प्रभाकरनं मात्र वर बघितलं. म्हणाला, म्हाताऱ्याच्या खोलीचं दार आतून बंद आहे.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तो माझ्याही पुढं चालत होता. मग म्हणाला, "वहिनी, अंदमान कॅन्सल."

मी अजूनही त्या गल्लीनं जात नाही. संकठादेवीला जायचं झालं तर लांबचा फेरा घालते.

*

शेवटी तोडगा काढला दत्तूगुरुजींनी. त्यांचे एक यजमान तंजावरच्या पुढं, अगदी समुद्रकाठी राहणारे. पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच, पण घरात मराठी. त्यांना सहकुटुंब काशीला यायचं होतं. गुरुजी म्हणाले, "घरांची अदलाबदल करा. ते तुमच्या घरी, तुम्ही त्यांच्या. खर्च काय तो गाडीचा."

एवढ्या लांबचा प्रवास एवढ्या स्वस्तात कुणाला सुचला नसता. आम्ही खूश. पाहुणे आले: मुलगा, सून आणि मुलाचे वडील रामोजीराव. म्हातारबुवांचं मराठी जुन्या पोथीतलं, आवाज खणखणीत. मुलानं पहिल्याच दिवशी गुरुजींना बाजूला घेतलं आणि संकोचून विचारलं, "साधारण किती दिवस लागतात?"

"कशाला?"

"बाबांना."

तेव्हा उलगडा झाला. म्हातारबुवा मरायला आले होते. काशीत घर देताना भाडेकरू जगायला आलाय की मरायला, हे आधी विचारायचं असतं. गुरुजी इथलेच, त्यांना हे कळायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात फक्त पूजा.

गुरुजी म्हणाले, "ते आपल्या हातात नसतं हो."

मुलाची रजा थोडी. आणि रामोजीराव तर रोज सकाळी कचोरी-जिलबी मागवून खात होते.

*

आमची गाडी चार दिवसांनी होती. तेवढ्यात मावशींची आणि रामोजीरावांची गट्टी जमली. दोघं घाटाच्या पायऱ्यांवर उन्हात बसायचे. ते समुद्राचं सांगायचे, ह्या ऐकायच्या. आता ओहोटी लागली असेल, आता होड्या परतल्या असतील, असं चालायचं. समोर आपली गंगा, एका दिशेनं जाणारी.

निघायच्या आदल्या सकाळी मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी गुरुजींना विचारलं, "एकदाच जाऊन आले तर चालेल का हो?"

गुरुजींनाही वाईट वाटलं, पण ते खोटं बोलले नाहीत. "मावशी, तिकडंच काही झालं तर जन्मभराचं फुकट गेलं. देह हद्दीबाहेर जाता कामा नये, एवढंच बघा."

"देहच ना?"

"देहच."

त्यावर मावशी उठल्या. डोळे पुसून आत गेल्या आणि आमच्या प्रवासाच्या पुऱ्यांची कणीक मळायला बसल्या.

*

तंजावरच्या पुढचं ते घर म्हणजे स्वर्ग होता. अंगणाला लागून वाळू, पुढं समुद्र. पण मला खाताना घास गोड लागेना. जिला हे बघायचं होतं ती तिकडं थंडीत बसलीय, हेच मनात.

तिसऱ्या सकाळी शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या. त्याही मराठी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तुमच्या म्हाताऱ्या बाईंना घरात जेवायला का घेत नाही? रोज सकाळी एकट्या पाण्याशी बसलेल्या असतात."

"आमच्यात म्हातारं कुणी नाही," मी म्हटलं.

"तपकिरी नऊवारी, डोक्यावरून पदर. आज तर पाण्यात शिरल्या. मी किती ओरडले, तेव्हा मागं फिरल्या."

मावशींचं रोजचं लुगडं तपकिरीच. आमचे हे, प्रभाकर आणि गुरुजी वाळूवर धावत गेले. कुणी नव्हतं. मी गावातल्या एसटीडी बूथवरून आमच्या गल्लीतल्या लल्लन किराणावाल्याला फोन लावला. "लल्लनभैया, मावशी कैसी हैं?"

"माई? अरे, एकदम ठीक. रोज सबेरे से घाट पर बैठी रहती हैं, आँख मूँदे. बुला दें?"

"नहीं," मी ओरडलेच. "बुलाना मत. हिलाने भी मत देना किसी को."

फोन ठेवला तेव्हा मला रडू येत होतं, आणि ते भीतीचं की कसलं हे मला आजही सांगता येणार नाही. नंतर तिकडं आणखी जितक्या सकाळी काढल्या, तितक्या सकाळी आम्ही चौघांनी ठरवून पाण्याकडे पाठ करून चहा प्यायला. कुणाला अडचण नको.

परतलो तेव्हा रजा संपली म्हणून मुलगा रामोजीरावांना जिवंतच परत घेऊन चालला होता, बिचारा खजील झालेला. मावशींनी दार उघडलं. तब्येत छान, उलट जरा रापलेल्या. मी वाकून नमस्कार केला.

त्यांनीच माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "अगं सुमन, ती शेजारीण केवढी ओरडते गं. मी घोट्यापर्यंतच गेले होते."