पंपघरातली खंडेनवमी

कोल्हापूरहून मालवणला जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळची जागा पकडली आणि खोका मांडीवर घेतला. वर ठेवला तर घाटात कुणाच्या तरी डोक्यात पडणार, खाली ठेवला तर कुणाच्या तरी पायाखाली येणार. कंडक्टर मालवणकडचाच होता. तिकीट देता देता त्याने खोक्यावर टिचकी मारली.

“बाई, मांडयेर काय घेतलास? मिक्सर?”

“नेटवर्कचा स्विच.”

“मगे घट धरा. ह्या घाटात आमची गाडी मिक्सरपेक्षा बरी फिरता.”

हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. माझ्या सासरी अजूनही तीच समजूत आहे, पण तुम्हाला नीट सांगते. वीजकेंद्र, पाणीयोजना, रेल्वेचे सिग्नल अशा ठिकाणी यंत्रांना एकमेकांशी बोलावं लागतं. ते बोलणं इकडून तिकडे पोचवणारा हा डबा. ऑफिसातला साधा स्विच असल्या जागी वर्षभरही टिकत नाही. आमचा जाड पत्र्याचा. आत पंखा नाही, त्यामुळे धूळ आणि खारी हवा आत ओढली जात नाही. गरम झाला की अंगावरच्या खाचांतून उष्णता बाहेर टाकतो, मोटरसायकलच्या इंजिनासारखा. असे डबे बसवत फिरणं हे माझं काम.

दाजीपूरचं जंगल संपलं, फोंडा घाट उतरलो आणि हवा अंगाला चिकटू लागली. दोन्हीकडे भात पिकून पिवळं पडलेलं. कणकवलीला चहा घेतला, मालवणला उतरून रिक्षा केली. पुढे खाडीकाठचं एक गाव. त्याचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

गावाची विहीर खाडीलगत आहे आणि टाकी डोंगरावर. विहिरीत गोडं पाणी मर्यादेत असतं. पंप गरजेपेक्षा जास्त वेळ चालला की खाडीचं पाणी आत झिरपतं आणि विहीर खारवते. टाकीपासून पंपघरापर्यंत पूर्वी तांब्याची तार होती, ती वीज पडून जळली. म्हणून आता फायबर घातली होती, म्हणजे केसासारख्या काचेच्या तारेतून प्रकाशाने निरोप धाडायचा. टाकीवरचा डबा आधीच बसला होता, खालचा मी मांडीवरून आणला होता. पंपाला हुकूम देणारं यंत्रही वर टाकीवरच. दोन्ही जोडले की टाकी भरल्यावर किंवा विहिरीचं पाणी खाली गेल्यावर पंप आपोआप बंद होणार.

पंपघर बबनराव सांभाळतात. पन्नाशीचे, काटक, बोलके. मी तिथल्या लोखंडी कपाटात डबा बसवला, वायरी जोडल्या आणि हिरवा दिवा लागला, म्हणजे टाकीशी बोलणं सुरू झालं. बबनराव त्याच्याकडे बघत राहिले.

“मॅडमनू, ह्यो खरोच चलतलो?”

“चालणार. का हो?”

“माका यंदा तरंग धरूचो आसा.”

तरंग (लांब काठीला साड्या नेसवून उभं केलेलं देवाचं रूप) दसऱ्याला देवळातून निघतो. तो धरायचा मान बबनरावांच्या घराण्याचा, थोरल्या मुलाचा. पण दसऱ्याला मुंबईची माणसं गावी येतात, सगळे नळ एकदम सुटतात, आणि विहिरीवर डोळा ठेवून कुणीतरी पंपाशी बसावंच लागतं. नोकरी लागल्यापासून बबनराव बसत होते. तरंग धरत होता धाकटा भाऊ गणपत. तो तेव्हाच दारात येऊन उभा राहिला होता.

“दादा, डबो चललो तर ये. नायतर मी आसंयच. माका आता सवय झाली हा.”

“तुजी सवय मोडतंय यंदा,” बबनराव म्हणाले. हसत म्हणाले, पण गमतीत नव्हे.

जेवण त्यांच्याच घरी. घावणे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, सोलकढी. सगळं उत्तम, फक्त ताटात मासा नाही. मी मालवणला येऊन मासा विचारला नाही तर मला परत घरात घेणार नाहीत, म्हणून विचारलं.

“नवरात्रात खंयचे मासे, बाई?” बबनरावांची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाल्या. “दसरो होवंदे, मगे बांगडे खावा.”

“मी दसऱ्यालाच दुपारी निघते.”

“मगे तुमचा नशीब!”

दुसरा दिवस खंडेनवमीचा. मी दिवसभर मालवण बघितलं. किल्ल्यावर जाऊन आले, ऊन खाल्लं, होडीत चप्पल भिजवली. निघताना कपाटाची किल्ली बबनरावांकडे दिली होती आणि बजावलं होतं, आत पाणी जाऊ देऊ नका. संध्याकाळी ढग गडगडले. मी खोलीत निवांत शिरवाळे (नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया) खात होते.

दसऱ्याच्या सकाळी पंपघरात गेले तर हिरवा दिवा विझलेला.

बबनराव धुतलेलं धोतर नेसून तयार. धोतराचा सोगा खोचून ते पंपाजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. म्हणजे नेहमीच्या जागी. मला ते बसणं आवडलं नाही.

“उठा. अजून काही ठरलेलं नाही,” मी म्हटलं.

कालच्या गडगडाटावर माझा संशय. वीज तपासली, ठीक. डबा बंद करून चालू केला, तरी हिरवा दिवा लागेना. मग टाकीचा डोंगर चढले. चप्पल कालच्या खाऱ्या पाण्याने कडक झालेली, अर्ध्यावर तिचा पट्टा तुटला. वरचा डबा ठणठणीत होता. मोजणीच्या यंत्राने पाहिलं, तर वरून प्रकाश व्यवस्थित निघत होता. खालून मात्र काहीच येत नव्हतं. तुटकी चप्पल हातात घेऊन उतरले तेव्हा देवळात ढोल वाजू लागले होते.

आता कपाट नीट बघितलं. डब्यावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. बिजागऱ्या चकचकीत. आणि वास, कडवट, उग्र.

“बबनराव, हा वास कसला?”

“उंडयेचा तेल. काल खंडेनवमी मां! सगळ्या अवजारांक लावलंय.”

उंडी हे किनाऱ्यावरचं झाड. त्याच्या बियांचं तेल इथे होड्यांना चोपडतात.

“कशाकशाला लावलं?”

“पंपाक, पान्यांक, कुलपाक, बिजागऱ्यांक.” मग जरा अभिमानाने, “आणि त्या पिवळ्या दोरयेचा टोक काढून तेकाय लावलंय. आतसून उघडा होता. म्हटलंय, खाऱ्या वाऱ्यान गंजतला.”

पिवळी दोरी म्हणजे माझी फायबर. मी टोक बाहेर काढलं. तेलाने न्हालेलं. प्रकाश त्यातून कसा जाणार?

“अहो, यात लोखंड नाही. काच आणि चिनी माती.”

“मगे गंजूचा नाय?”

“नाही.”

“जल्मात?”

“जन्मात नाही.”

बबनरावांनी कपाळावर हात मारला. “आणि तुम्ही पानी घालू नको म्हटलास, म्हणान मी ओलो फडकोसुद्धा लावलंय नाय!”

मला हसू आलं, पण ढोल थांबत नव्हते. स्पिरिट आणि कापड काढून टोक पुसलं, पुन्हा पुसलं. दिवा लागेना, कारण टोक शिरतं त्या भोकातही तेल गेलं होतं. ते साफ करत बसले असते तर तरंग गावभर फिरून परत आला असता. डब्यात एक राखीव जागा असते. तिला बबनरावांच्या तेलाचा मान मिळालेला नव्हता. टोक तिथे खोचलं.

हिरवा दिवा लागला.

पण दिव्यावर विसंबून मी कुणाला सोडत नाही. पंप चालू केला आणि विहिरीच्या पाण्याची ठरवलेली किमान पातळी लॅपटॉपवर मुद्दाम वर आणून ठेवली, म्हणजे पाणी संपत आलंय अशी यंत्राची समजूत व्हावी. थोड्या वेळाने पंप खटकन थांबला. कुणी हात लावला नव्हता. पातळी पुन्हा जागेवर आणल्यावर तो आपला आपण सुरू झाला.

“मगे मी जांव?” बबनरावांनी विचारलं. नोकरीवरच्या माणसाने पंपघर सोडून जायला मलाच विचारावं, याची मला गंमत वाटली. गावाचं नाव लिहिलं नाही, ते म्हणूनच.

“पळा!”

ते खरोखर पळाले. वाटेत त्यांच्या घरून वहिनींची चप्पल पायात घालून मीही मागून गेले. देवळासमोर गणपत तरंगाजवळ उभा होता. भाऊ दिसल्यावर त्याने काठीवरचा हात काढला.

“इलंस? माका वाटला डबो गेलो.”

“गेल्लो. मॅडमनी जागो केलो.”

“घे मगे. जपान धर, जड आसा,” गणपत म्हणाला आणि भावाच्या मागे जाऊन उभा राहिला. बबनरावांनी काठी कशी धरली ते मी पाहिलं नाही. काठी उंच होती, सगळ्यांच्या माना वर होत्या, माझीही.

बसची वेळ होत आली. वहिनींनी आपट्याचं पान हातात ठेवलं आणि चप्पल परत घेतली नाही. पिशवीत त्यांनी एक बाटली ठेवली होती. उंडीचं तेल. आमच्या फाटकाच्या बिजागऱ्या करकरतात, हे मी जेवताना बोलून गेले होते.

उन्हं उतरता उतरता घाट चढून वर आलो आणि मोबाइलला रेंज मिळाली. पाणीयोजनेच्या यंत्राने आपोआप धाडलेला निरोप वाट बघत होता. विहिरीचं पाणी किमान पातळीला आलं, पंप बंद. त्यानंतर दुसरा, पाणी भरलं, पंप चालू. गावात सगळे नळ सुटलेले, पंपाजवळचं स्टूल रिकामं, आणि विहिरीचं पाणी गोडंच. इतकी वर्षं मी डबे बसवून हिरवा दिवा बघते, सही घेते आणि निघते. तो लागल्यावर कोण कुठून उठून कुठे जातं, हे विचारायला सवड नसते. पुढे विचारीन म्हणते. खंडेनवमीच्या आसपास तर नक्कीच.

बबनरावांना कळवावं म्हणून फोन लावला. वहिनींनी उचलला. मागे ढोल इतका, की दोघींनाही ओरडावं लागलं.

“पंप आपोआप बंद झाला म्हणून सांगा त्यांना!”

“सांगतंय मगे, बाई! आता तेंका फोन देवक जमाचा नाय. दोनय हात गुंतलेले आसत!”