ओटीला आलेल्या सवाष्णी

आमच्या मालवणात दारात माणूस आला की पाण्याआधी प्रश्न येतात. खंयसून इलात? गाव खंयचा? कोणाचे कोण? मुंबईच्या पाहुण्यांना हा चोंबडेपणा वाटतो. वाटू दे! बंदराजवळची माझी खानावळ आणि वरच्या दोन खोल्या या चोंबडेपणावरच चालतात. आणि त्या दुपारी तर त्याने कमालच केली.

ऐन जेवणाच्या वेळी चाळिशीचा एक गृहस्थ आला. मागोमाग एक पोर, गळ्यात मंगळसूत्र, मान खाली. "आमचं नुकतंच लग्न झालंय," तो म्हणाला. "जेवून लगेच गोव्याची गाडी पकडायची आहे."

मी पोरीला विचारलं, "माहेर खंयचा गो तुजा?"

उत्तर त्याने दिलं. "दोडामार्गकडची आहे ती."

"काय जेवतलंस?"

"तिला काहीही चालतं." हेही त्यानेच.

तुका कोणी विचारल्यान रे मेल्या, असं अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं आणि ताटं वाढली. पाण्याचा पेला उचलायलाही ती पोर आधी त्याच्याकडे बघत होती. आणि मग मला तिचे हात दिसले. दोन्ही मोकळे! आमच्याकडे नव्या नवरीच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा असतो, तो काढायचं नाव काढलं तरी सासू डोळे वटारते. या शहाण्याला मंगळसूत्र घालायचं सुचलं, चुडा मात्र राहून गेला.

मनात पाल चुकचुकली. पण हल्लीच्या मुली बांगड्या घालत नाहीत, हेही खरं. पोरीलाच एकटं गाठून विचारायला हवं होतं, आणि हा बाबा तिच्यामागून हात धुवायच्या मोरीपर्यंत जात होता. तेवढ्यात माझी जीभ माझ्या आधी धावली.

"नवी नवरी माज्या घरातसून रिकाम्या ओटीन जावची नाय!"

"वेळ नाहीये हो, मावशी."

"ओटीक नाय म्हणतत काय? अपशकुन तो! तुमी भायर बसा, हो बायकांचो कारभार." आणि त्याला पुढचं सुचायच्या आत मी पोरीला आत नेऊन दार लोटलं.

देवासमोर पाट मांडला, सुपात तांदूळ, नारळ आणि खण घेतला. म्हटलं, "ओढणी पसर गो." तिने ओढणी पुढे केली, मी सूप उचललं, आणि तिने ओढणी झटकन मुठीत आवळून धरली.

"नको काकी. देवासमोर खोटी ओटी नको. माजा लगीन झालेला नाय. हो माजो घोव न्हय."

अगो बाय माझे! मी सूप खाली ठेवलं आणि तिला पाटावर बसवलं. मग ती भडाभडा बोलली. वय सतरा. फोनवर ओळख झाली, गोव्यात हॉटेलात नोकरी लावतो म्हणाला, म्हणून घरी न सांगता निघाली. वाटेत त्याने तिचा फोन आणि आधार कार्ड काढून घेतलं, मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि कुठे तोंड उघडायचं नाही असं बजावलं. सकाळी तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, पोरगी संध्याकाळी ताब्यात देतो, पुढे कुठे पाठवायची ते तुम्ही बघा.

तळपायाची आग मस्तकात गेली. चुलीवर आमटी उकळत होती, ती तशीच नेऊन त्याच्या डोक्यावर ओतावी असं वाटत होतं! पण त्याने पोरीला ओढून गाडीत घातलं असतं तर? मी स्वतःला आवरलं आणि पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या बाई शांत होत्या. "त्याला काही कळू देऊ नका. आम्ही येतोय."

"मॅडम, साध्या साड्यांत या," मी कुजबुजले. "ओटीला बायका येतातच."

आता त्याला थोपवायचं कसं? माझे यजमान पर्यटकांची होडी चालवतात आणि दिवसभरात मोजून चार शब्द बोलतात. ते जेवायला घरी आले होते, अंगणात बसले होते. मी खिडकीतून त्यांना हळूच म्हटलं, "त्येका सोडू नकात." आणि काय सांगू, त्या मुक्या माणसाला वाचा फुटली! होडीचं इंजीन, वारा, बांगडा यंदा कुठे गेला, सगळं त्याला ऐकवायला लागले.

तो सारखा ओरडत होता, "झालं का? गाडी चुकेल!"

"वेळार सुटूक ही काय एसटी आसा, पाव्हण्यानू?" मी आतून ओरडले. आवाज मुद्दाम ठणठणीत काढला. पोर माझ्या पदराला धरून बसली होती.

शेवटी दारात दोन बायका आल्या, एक जण केसांत अबोलीचा वळेसर माळून. "ओटी झाली नाही ना अजून?" त्यांनी विचारलं. सवाष्णी आल्या म्हणून त्याने स्वतः खुर्ची मागे घेतली आणि वाट दिली! एक आत पोरीजवळ गेली, दुसरी त्याच्याजवळ थांबली. तेवढ्यात फाटकातून गणवेशातले पोलीस आत आले. पोरीचा फोन आणि कार्ड त्याच्या पिशवीतच निघालं.

त्या दिवशी मला इतका आनंद झाला की रात्री जेवणच गेलं नाही. अजूनही सांगताना मी खुर्चीत बसू शकत नाही.

काही महिन्यांनी दारात आईला घेऊन तीच पोर उभी. परत कॉलेजात जायला लागली होती. आई माझे हात सोडीना. दोघींना बसवून मी सवयीने विचारलं, "काय जेवतलंस गो?" आणि का कोण जाणे, दुसरंच कोणीतरी उत्तर देईल म्हणून क्षणभर श्वास रोखून धरला.

"माका सुरमय," ती म्हणाली. "तळलेली. आणि काकी, सोलकडी पयली दी."