बाटलीत न उगवलेला ताप

वन्सं गेल्याची बातमी शेजाऱ्यांच्या फोनवर आली तेव्हा मी तांदूळ धूत होते. वन्संना नेलं होतं त्या मुंबईच्या इस्पितळातून भाचा बोलत होता आणि मी नुसती ‘हं, हं’ करत होते... घरी येऊन धुतलेलेच तांदूळ पुन्हा धुतले. आज तीन आठवडे झाले, तरी मनाला पटत नाही.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. रत्नागिरीत घराच्या पडवीतच त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. बाई तापट. सुई टोचताना कुणी हात मागे घेतला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. माझ्यावर मात्र जीव. नव्या नवरीला नणंदा दागिने दाखवतात, वन्संनी मला सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दाखवले. ‘‘आणि विषाणू?’’ मी विचारलं. ‘‘तो ह्यात दिसायचा नाय गो, फारच बारीक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जिवाणू आपली चूल घेऊन येतो. खायला मिळालं की वाढतो. विषाणूकडे चूलच नाय. तो आपल्या पेशीत शिरतो नि तिलाच रांधायला लावतो. म्हणून जिवाणूवरची कॅप्सूल त्याला लागू पडत नाय.’’

मला ते पटलं, पण तेवढ्यापुरतंच. माझा नवरा बोटीवर. दर खेपेला तो त्याच जिवाणूवरच्या कॅप्सूलची मोठी बाटली आणायचा आणि आळीत कुणी शिंकलं की वाटीभर साखर मागावी तशी बायका माझ्याकडे कॅप्सूल मागायच्या. वन्संनी दोनदा बाटली जप्त केली. तिसरी मी डाळीच्या डब्यात लपवली.

माझी शुभा सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. ताप चौथ्या दिवशीही उतरेना, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. वन्संनी रक्त घेताना विचारलं, ‘‘घरातलं काय दिलंस काय हिला?’’ मी नाही म्हटलं. खरं तर दोन दिवस मधातून चार कॅप्सूल दिल्या होत्या. वन्संनी रक्त पोषक द्रव्याच्या बाटलीत घालून उबेत ठेवलं. जिवाणू असले तर तिथे वाढतात. विषाणूला जिवंत पेशी लागते, तो तिथे वाढत नाही. तीन दिवस बाटली स्वच्छच राहिली. ‘‘काय उगवलं नाय. विषाणूचाच दिसतो. थोडी कळ काढूया,’’ वन्सं म्हणाल्या. घरात शुभा बरळायला लागली होती, तिचे ओठ सुकून फुटले होते... माझा धीर सुटला आणि मी कॅप्सूलचं सांगून टाकलं. अर्धवट औषधाने जिवाणू दबले होते, मेले नव्हते; म्हणून बाटलीत उगवले नव्हते.

आता माझा उद्धार होणार, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. पण वन्सं हळूच म्हणाल्या, ‘‘का नाय सांगितलंस गो?’’

‘‘तुम्ही ओरडाल म्हणून.’’

त्या चपला घालून तडक डॉक्टरांकडे गेल्या. टायफॉइडचं पूर्ण मुदतीचं औषध सुरू झालं आणि शुभा वाचली. पुढे वन्संनी तो विषय कधी काढला नाही. मला मात्र लाज वाटायची. त्यांना भेटायला मी मागल्या दाराने जायची, पडवीत पाऊल टाकायची नाही.

गेल्या आठवड्यात लॅब आवरायला शुभाला घेऊन गेले. रक्त द्यायला माणूस बसतो त्या खुर्चीसमोर एक पुठ्ठा टांगलेला होता. अक्षर वन्संचं, कडा पिवळ्या पडलेल्या, वर्षानुवर्षं तिथेच असणार. शुभाने तो मोठ्याने वाचला: ‘घरी काही औषध दिले असल्यास आधी सांगावे. मी ओरडणार नाही.’

मी त्या खुर्चीत बसले आणि पोटभर रडले. पडवीतलं बाकी सगळं आम्ही आवरलं. पुठ्ठा तेवढा उतरवला नाही.