थप्पीच्या तळातला खोका

नव्या थर्माकोलचा वास आला की यवतमाळचं ते दुकान आठवतं. कॉलेजसाठी सवलतीतला लॅपटॉप घ्यायला मी बाबांसोबत गेले होते. बाबा कापूस पिकवणारे. व्यापारी गाडीतला वरचा कापूस सोडून तळातला उपसून पाहतो, हे त्यांनी जन्मभर सोसलेलं. म्हणून त्यांनीही थप्पीच्या तळातलाच खोका काढायला लावला. “काका, तीन वर्षं याले काहीच होत नाही,” घामाघूम झालेला दुकानदार म्हणाला, “तरी जास्तीची वॉरंटी घेऊन टाका.” बाबांचे डोळे बारीक झाले. “काहीच होत नाही, तं मंग वॉरंटी कायले इकून राह्यले?” वॉरंटी तिथंच राहिली. लॅपटॉप आजही चालतो. बाबा मात्र दर फोनवर विचारतात, “काहून वं, अजून बंद नाही पडला?”